थांबवताना

दुपारी संगणक तापून रखडायला लागला. आईच्या लग्नाच्या फोटोंवरचे डाग पुसायला मी पायथनमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, स्क्रिप्टने, एक वेगळी प्रक्रिया सुरू केली होती. तीच सगळी मेमरी खात होती.

“किल कर सरळ, एका झटक्यात बंद,” शेजारच्या टेबलावरची मेघना म्हणाली. तिला सगळ्याचीच घाई.

पण मग प्रक्रियेच्या हातातला फोटो अर्धाच राहिला असता. मी प्रक्रियेला आधी थांबायची सूचना पाठवली आणि वाट पाहिली. तिने तो फोटो पुरा केला, फाइल बंद केली आणि मगच ती थांबली.

आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. असं सांगून गेलेलं माणूस परत येतं, असा आईचा विश्वास.

संध्याकाळी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. प्रक्रिया पुढच्याच फोटोपासून कामाला लागली.

“आलीस?” मी पडद्याला म्हणाले.