तो माणूस पडलेला नाही

पाटी लावायची राहिली आणि मामा गेले.

काल सकाळी, अकोल्यात. हार्ट अटॅक. मी अमरावतीहून एसटीनं पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

जुन्या शहरात मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, कूलर, मिक्सर. पण गल्लीत त्यांची ओळख वेगळी होती. मंडळाच्या गणपतीपुढचा चंद्र मामांचा.

थर्माकोलचा चंद्र, आणि कूलरच्या मोटारीवर त्याच्यावर हळूहळू उतरणारं यान. बरीच वर्षं तोच देखावा. लोकांना कंटाळा आला नाही, मामांना तर नाहीच.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे लायब्ररीत जे वाचलं ते मामांना जाऊन सांगायचं, हे ठरलेलंच.

अकरावीत होते तेव्हा सांगितलं, की चंद्रावर गेलेल्या एका टीमनं तिथल्या धुळीत बोटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा माणूस ठेवलाय. मुद्दाम आडवा. शेजारी चौदा नावांची पट्टी. अंतराळाच्या कामात जीव गेलेल्यांची. अमेरिकेची आणि सोव्हिएत रशियाची, दोन्हीकडची.

"दुश्मन होते नं ते एकमेकाचे?"

"हो."

"अन् नावं एकाच पट्टीवर?"

"हो मामा. एबीसीडीच्या ओळीनं."

"हे बरं केलं."

मग सांगितलं, की त्यातले तिघं उडताना गेलेच नाहीत. यान जमिनीवरच होतं, टेस्ट चालू होती, आत आग लागली आणि दार उघडलं नाही.

मामांनी हातातली तार खाली ठेवली.

दुकानात त्यांचा एक जोडीदार होता, नामदेव. विहिरीवर मोटार टेस्ट करताना शॉक लागून गेला. मी तेव्हा फार लहान होते.

त्या वर्षीच्या चंद्रावर, यानापासून वीतभर लांब, अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा माणूस आडवा दिसला. मामांनी दुकानात स्वतः केलेला.

आणि रोज कुणीतरी येऊन तो उभा करायचं.

"मामा, तुमचा माणूस पडला."

"पडला नाई बे. ठेवला हाय."

"झोपला काय मंग?"

"हो. तुयासारखाच, आरतीच्या टायमाले."

एका काकूंनी त्याला उभं करून हळदकुंकू वाहिलं. एका वर्षी पोरांनी गोंद लावून पक्का उभा केला. मामांनी ब्लेडनं सोडवला आणि परत आडवा ठेवला.

म्हणून पाटी हवी होती.

मजकूर मामांनी सांगितला, मी लिहिला. शेवटी मी "हात लावू नये" लिहिलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं.

"लावू दे नं हात. उभा नका करू म्हणा फक्त."

मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की त्या खऱ्या पट्टीवर सगळी नावं नाहीत. एकाचा मृत्यू तर त्याच्या देशानं लपवूनच ठेवला होता, मग नाव येणार कुठून.

"मंग खाली जागा सोड, बाई. एखादं नाव राहूनच जाते."

दर वर्षी मामा ती पाटी मंडळात घेऊन जायचे. दर वर्षी अध्यक्ष म्हणायचे, "मामा, लोक नवस बोलाले येतात इथं. मयतीची पाटी कावून लावता?"

मामा भांडले नाहीत. पाटी घरी आणायचे, पुसून ठेवायचे, पुढच्या वर्षी परत न्यायचे.

मला वाटायचं, एखाद्या वर्षी लावतील.

काल अंगणात अध्यक्ष माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "एक डाव लावू द्याले पायजे होती, ताई. काय बिघडलं असतं आमचं."

यंदा मंडळात देखावाच नाही. एलईडी स्क्रीन ठरली आहे. थर्माकोलचा चंद्र मोडून टाकला.

आज दुकानाला कुलूप लावायला गेले. मयतीच्या गडबडीत कुणीतरी टेबल नीट आवरलं होतं. आणि तो माणूस पान्ह्याला टेकवून उभा केला होता.

चांगल्या मनानंच केलं असणार.

मी आडवा ठेवला.

पाटी माझ्याकडे आहे. लावायला आता चंद्र नाही, म्हणून इथे लावते. माहिती पुन्हा तपासून घेतली आहे. तरी काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करीन.

हा माणूस पडलेला नाही.
अंतराळात जाताना, येताना आणि जायच्या तयारीत ज्यांचा जीव गेला, त्यांच्यासाठी चंद्रावर असाच एक ठेवला आहे.
कृपया उभा करू नये.

 

खाली जागा सोडली आहे.

मामा, शेवटचा नमस्कार.