जित्या माणसाला हार

सीमेवर युद्ध पेटलं त्या आठवड्यात मी आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकाची संपादक होते, आणि खरं सांगते, तोवर इतकी खूश मी कधीच झाले नव्हते. एरवी जिन्याखालच्या त्या फळ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. आता मुलं तास बुडवून समोर उभी! सकाळी एक अंक, दुपारी दुसरा. सोमवारी आम्ही शत्रूचं बंदर बेचिराख केलं, मंगळवारी राजधानी घेतली. बातम्या फोनवर आलेल्या, शहानिशा कोण करतो? सरांनी विचारलं, हे कुठून आणलंस. मी त्यांनाच देशप्रेम शिकवलं.

बुधवारी मला हवा होता आपला, जवळचा वीर. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा भाऊ सैन्यात होता, वसईजवळच्या वटार गावचा. तिच्याकडून मी आदल्या दिवशीच त्याचा गणवेशातला फोटो मागून घेतला होता. दोन दिवस त्याचा फोन लागत नाही, असं ती म्हणाली होती. मी 'हो का' म्हटलं आणि मथळा रंगवायला घेतला, 'वसईचा वाघ'. तरी काहीतरी कमी वाटत होतं. धावत जाऊन झेंडूचा घसघशीत हार आणला आणि फोटोवर चढवला, पंधरा ऑगस्टला हॉलमधल्या तसबिरींना घालतो तसा. त्या तसबिरींतलं कुणीच जिवंत नाही, हे डोक्यात आलंच नाही. फळ्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

मैत्रीण त्या दिवशी घरीच होती. दुपारी तिचा फोन आला. हार घातलेला फोटो बघून अंगणात गाव जमलं होतं, बायका तिच्या आईला धरून बसल्या होत्या.

मी रिक्षा करून वटारला गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं की तसं काहीही कळलेलं नाही, हार मी घातला, कौतुकानं घातला. तिच्या आईनं मला विचारलं:

"बाय, जित्या मानसाच्या फोटोला हार घालतात का गं?"

पण तो जिता आहे, हे तरी तिथे कुणाला ठाऊक होतं? कुणी उठून गेलं नाही. मीही ओट्यावर बसून राहिले.

दिवेलागणीला फोन वाजला. तोच होता. आई का रडतेय, ते त्याला कळेना.

"काय नाय झालं," आई म्हणाली. "तू नुसता बोलत रा."

मी मैत्रिणीला मिठी मारून रडत होते आणि हसतही होते. आनंद म्हणजे काय, ते मला त्या ओट्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी फळा रिकामा केला आणि एकच ओळ लावली: आमच्या मैत्रिणीचा भाऊ काल पाच मिनिटं फोनवर बोलला.

मुलं नेहमीसारखी जमली. एकानं विचारलं, राजधानीचं पुढे काय झालं?

"ती आपण घेतलीच नव्हती," मी म्हटलं.