सांडग्यांची राखण

स्वावलंबी घराला कशाचीच भीती नसते. शेजारच्या कुसुमवहिनींचं घर तसं आहे. परसात कोंबड्या, त्यांच्या खतावर कोहळ्याचा वेल, आणि त्या कोहळ्याचे सांडगे. परवा लेकीसाठी घातलेले वर्षाचे सांडगे बाजेवर वाळत होते. कावळे येऊ नयेत म्हणून वहिनींनी शेजारी काळी छत्री उघडून ठेवली. त्याच छत्रीच्या सावलीत घरच्या कोंबड्यांनी निवांत सगळे सांडगे संपवले.

“अगं, घरचं घरातच राहिलं की,” त्यांचे यजमान म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा! लेकीला आता काय पाठवू?”

आपण बंदोबस्त करतो तो परक्या चोचींचा. आपल्याच दाण्यांवर पोसलेल्या चोचींवर संशय घेणं जिवावर येतं.

यंदा लेकीच्या डब्यात कोंड्यात रोवलेली बारा अंडी गेली.