विजेच्या तारांचा कचरा

मंडळी, सकाळपासून बाबांच्या नजरेला नजर देता येत नाहीये.

सुट्टीला नाशिकला आलेय. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या एका सर्पिल दीर्घिकेतून आलेल्या रेडिओ लहरींवरून तिच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा काढायचा, हे माझं काम. बाबा कौतुकाने लॅपटॉपपाशी येऊन बसले.

"हे काय पुसतेयस?"

"कचरा. दुर्बिणीच्या नोंदींत विजेच्या तारांमुळे येतो. वैताग आणलाय नुसता."

बाबांची अख्खी नोकरी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात गेली.

"मग आमचाच असेल," ते म्हणाले. उठले, आणि मला त्रास नको म्हणून खोलीतला पंखा बंद करून गेले.

दुर्बिणीच्या नोंदी गेल्या महिन्यातल्या आहेत, पंख्याने त्यांना काहीच होत नाही. दुपार झाली, घामाघूम बसलेय, तरी बटण दाबवत नाहीये. बाहेर जाऊन त्यांना काय सांगू?