मामांची कपाटं आणि माझे आकडे

ग्रंथालयशास्त्राची पदवी हातात पडली तेव्हा वाटलं होतं, एखाद्या कॉलेजात काचेच्या केबिनमध्ये बसायला मिळेल. मिळालं ते उंद्रीच्या पलीकडच्या एका गावातलं सार्वजनिक वाचनालय. दोन खोल्या, अकरा लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि एक शिपाई. मी चिखलीहून रोज एसटीने जायचे.

शिपायाला सगळं गाव मामा म्हणायचं. साठीला टेकलेले, उंच, किडकिडीत. माझ्या आधीचे ग्रंथपाल तासाभरापुरते यायचे, त्यामुळे वाचनालय म्हणजे मामाच झाले होते. कुणी दारातूनच हाक द्यायचं, "मामा, ते विहिरीचं चित्र असलेलं पुस्तक द्या बरं." मामा न शोधता सरळ तिसऱ्या कपाटापाशी जायचे, खालच्या फळीतून ते काढायचे आणि फडक्याने पुसून हातात द्यायचे. मी देवघेवीच्या टेबलाशी शिक्का धरून बसलेली. माझ्याकडे कुणी बघायचंही नाही.

पहिल्याच महिन्यात मला त्यांचा हेवा वाटू लागला. कबूल करायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. अमरावतीला खोली घेऊन दोन वर्षं वर्गीकरण, तालिकीकरण घोकलं होतं मी. आणि मामांचं सगळं शास्त्र म्हणजे "त्याची जागा मले माहीत हाय."

मग मी ती जागाच बदलायची ठरवलं. कार्यकारिणीची परवानगी काढली आणि तीन आठवडे बसून सगळी पुस्तकं दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेल्या आकड्याने, लावली. प्रत्येकाच्या कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी डकवली. शेतीची सहाशे तीसच्या पुढे, स्वयंपाकाची सहाशे एक्केचाळीसला. मामांनी सगळी पुस्तकं उतरवली, पुसली, पुन्हा चढवली. एकदाच विचारलं, "मॅडम, लोकाईले सापडन ना?"

"क्रमांक बघून कुणालाही सापडेल," मी म्हटलं. मनात होतं, आता विचारतील मला.

विचारलं नाही. लोक येऊन हरवल्यासारखे उभे राहायचे आणि पुन्हा मामांनाच हाक मारायचे. मामाही बिचारे या कपाटाकडून त्या कपाटाकडे फिरायचे. त्यांची अडचण पाहून मला बरं वाटायचं. इतकी खाली गेले होते मी.

त्यातच एक गोष्ट लक्षात आली. मी पुस्तकाचं नाव लिहून चिठ्ठी दिली की मामा म्हणायचे, "चष्मा घरी राह्यला, तुम्ही बोला." चष्मा तर खिशात दिसायचा. एक दिवस नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. त्यात एकसारख्या पिवळ्या कव्हरच्या सहा शेतीपुस्तिका होत्या, चित्र एकीवरही नाही. मी मुद्दाम म्हटलं, "मामा, त्यातली सोयाबीनची द्या जरा." मामांनी एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मग सगळीच माझ्यापुढे आणून ठेवली. "तुम्हीच पाहा."

मामांना वाचता येत नव्हतं.

दोन दिवस मी ते मनात ठेवलं. खिशात चाकू असावा तसं. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमच्या आकड्याइपेक्षा आमचे मामा बरे होते." टेबलाशी पाच-सहा जण होते. मामा खिडकीपाशी वर्तमानपत्रं जुळवत होते. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "त्यांना साधं नाव वाचता येत नाही पुस्तकाचं. विचारा त्यांनाच."

टेबलाशी बसलेले माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, लोक चकित झालेत. तेवढ्यात पोलीस भरतीचा अभ्यास करायला येणारी एक मुलगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आमाले माहीत हाय, मॅडम. साऱ्या गावाले माहीत हाय."

"मग?"

"मंग काय? मी तिसरीत असतानी पुस्तक न्यायले आली, तं मामा म्हणत, आधी एक पान मले वाचून दाखव, मंगच घरी ने. अडखळलं तरी चालन म्हणत. आमच्या गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्याइनं असंच वाचून दाखवलं त्याइले. मले फडाफड वाचता आलं ते इथंच."

गुरुजी हळूच म्हणाले, "शाळेत आमच्यानं जे झालं नाही ते यानं केलं, बाई."

मामांनी वर्तमानपत्रं टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन माठ भरू लागले. मी त्यांच्या मागे गेले. "मामा, चुकलंच माझं," म्हटलं. ते ओशाळून हसले. "खोटं थोडीच बोलल्या तुम्ही? बापानं शाळेत घातलंच नाही. आकडे तेवढे येतात. एसटीचे, फोनचे."

आकडे! मी त्यांना आत नेलं आणि पुस्तकांच्या कण्यावरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. मामा एकेक क्रमांक बोट ठेवून वाचत गेले. कोणत्या आकड्याखाली काय येतं ते मी सांगत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "काऊन नाही सांगतलं पहिलेच? मी समजत होतो, हे शिकलेल्याइचं काम हाय."

दोन महिन्यांत त्यांनी अकराही कपाटं पुन्हा ताब्यात घेतली. कुणी कांद्याच्या रोगावरचं पुस्तक मागितलं की मी तालिका उघडेपर्यंत मामा ते घेऊन हजर. माझीच पद्धत, माझ्याच चिठ्ठ्या, आणि हाक पुन्हा त्यांनाच. पश्चात्ताप खरा होता माझा, पण हेवा काही गेला नाही. उलट वाढला.

पुढे जिल्ह्याहून निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी नुसते क्रमांक सांगून पाच पुस्तकं मागवली, मामांनी पाचही आणली. निरीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "कर्मचारी छान तयार केलाय तुम्ही."

खूप दिवसांनी कुणी माझं कौतुक करत होतं. मामा माझ्याकडेच पाहत होते, मान हलवत, घ्या म्हणून. क्षणभर घ्यावंसं वाटलं.

"मी फक्त चिठ्ठ्या लावल्या, सर," मी म्हटलं. "वाचनालय यांनीच चालवलंय."

निरीक्षकांनी उठून मामांशी हात मिळवला. ते बघतानाही माझ्या पोटात थोडं दुखलंच.