नवव्या ग्रीनचं पाणी

लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी पगार विचारला नाही की पत्रिका मागितली नाही. "रविवारी सकाळी काय करता?" एवढंच विचारलं. "पेपर वाचतो," मी म्हणालो. "मग पुढं मैदानावर येत जा," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीतून माझी होणारी बायको हसल्याचं ऐकू आलं.

मैदान म्हणजे सोलापूरच्या बाहेर, विजापूर रस्त्याला लागून असलेला एक मोठा माळ. गिरण्यांतल्या गोऱ्या साहेबांनी तिथं गोल्फ खेळायची सोय केली होती. साहेब गेले, जमीन सरकारजमा झाली आणि तिचा कारभार गावातल्या एका कचेरीकडे आला. सासरे गिरणीत विणकाम खात्यात होते आणि साहेबांबरोबर उभं राहून खेळ शिकले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. जागा मोडीत निघणार असं दिसल्यावर अण्णांनी कचेरीत खेटे घालून एक तोड काढली. मालकी सरकारची, देखभाल आमच्या कमिटीची. भाडं नाही, पण परवानगी दरवर्षी नव्यानं घ्यायची. आणि मैदान सगळ्यांना खुलं. तिकीट काढलं की कुणीही खेळावं, काठ्याही तिथंच भाड्यानं मिळत.

त्यामुळे आमच्याकडे बँकेतले अधिकारी आणि डॉक्टर यायचे, तसे एस.टी. डेपोतले फोरमनही यायचे. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकर वस्तीतले एक मागवाले बनियनवर खेळायचे आणि आपले फटके तेलुगूत मोजायचे. मी कॉलेजात गणित शिकवत होतो. वर्षभरात मला चेंडू सरळ मारता यायला लागला आणि अण्णांनी मला कमिटीचा जोडचिटणीस करून टाकलं.

खर्च कसा भागवायचा याचं अण्णांचं स्वतःचं शास्त्र होतं. पावसाळ्यानंतर माळावर जे गवत वाढायचं त्याचा लिलाव व्हायचा, गवळी ते कापून न्यायचे. माळ्याचा पगार त्यातून निघे. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याच्याभोवती खरं तर मऊ हिरवळ हवी, तिला ग्रीन म्हणतात. पण आमच्याकडे आठ ठिकाणी वाळूच होती. डेपोतून फुकट मिळणारं काळं, जळकं ऑइल त्या वाळूत कालवायचं, म्हणजे ती वाऱ्यानं उडत नसे. फक्त नववं ग्रीन खरं होतं. अण्णांनी बंगळूरहून ओल्या पोत्यात दूर्वेसारख्या गवताच्या मुळ्या आणून ते लावलं होतं. ते रस्त्यावरून दिसायचं. मी एकदा विचारलं, एवढ्या एका तुकड्यासाठी विहिरीची मोटर, विजेचं बिल, कशाला? ते म्हणाले, "रस्त्यावरून जाणाऱ्याला हिरवं दिसलं की त्याला वाटतं, या जागेची कुणीतरी काळजी घेतंय. नुसता माळ दिसला की प्रत्येकाला वाटतं, इथं आपलं काहीतरी बांधावं."

बहात्तरच्या दुष्काळात गवत उगवलंच नाही. लिलाव झाला नाही. रविवारी चार माणसं जमली तरी खूप. मैदानाच्या पलीकडे दुष्काळी काम निघालं. रस्त्यासाठी खडी फोडायला मंगळवेढ्याकडची माणसं कुटुंबं घेऊन आली आणि कडेला छपरं टाकून राहिली. अण्णांनी कुणी विचारायच्या आत विहीर त्यांना उघडून दिली. सकाळी बायकांनी रहाटावरून दोरानं पाणी ओढायचं, दुपारी विहिरीला विश्रांती, संध्याकाळी थोडा वेळ मोटर नवव्या ग्रीनसाठी. विहीर जेवढी झिरपे तेवढंच घ्यायचं. कमिटीतल्या कुणी कुरकुर केली तर अण्णा म्हणायचे, "दोराला आपोआप लगाम असतो. मोटरला नसतो."

मग अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यासाठी ते मिरजेला थोरल्या मुलाकडे गेले. जाताना मोटरघराची किल्ली माझ्याकडे दिली. "जसं चाललंय तसं चालू द्या," म्हणाले.

एका संध्याकाळी मी नवव्यावर पाणी सोडून उभा होतो. तिथल्या छपरातली एक बाई रिकामा हंडा घेऊन कुंपणापाशी आली. तिची सासू तापानं पडली होती आणि सकाळचं पाणी संपलं होतं. मी नळीखाली हंडा धरायला सांगितलं. तो भरेपर्यंत ती गवताकडं बघत राहिली.

"मास्तर, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"हे गवात जनावराला घालता व्हय?"

"नाही."

"मग इकायचं हाय?"

"नाही. याच्यावर खेळतात."

"असं व्हय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नवी गोष्ट कळल्यावर माणूस म्हणतं तसं ती म्हणाली. हंडा डोक्यावर घेतला आणि गेली. मी मोटर बंद केली. बुटाखालची ओली हिरवळ मला टोचायला लागली. घरी जाऊन जेवायला बसलो तर पाण्याचा तांब्या समोर नको वाटला.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना विचारा ना. दादाच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे."

मी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांना त्रास नको असं मी बायकोला सांगितलं. खरी गोष्ट अशी की ते काहीतरी सबुरीचं बोलतील आणि मला ते पटेल याची मला भीती होती. मला सबुरी नको होती. मला त्या बाईसमोरून मान वर करून जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांना सांगितलं की मैदानातल्या विहिरीला अजून पाणी आहे, आम्ही खेळासाठी ते वापरणं बरोबर नाही, तुम्ही ते लोकांना द्या. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत," म्हणाले. तो चहा मला फार गोड लागला, हे आज लिहितानाही ओशाळायला होतं.

आठवड्याच्या आत डिझेल इंजिन आलं. टँकर पहाटे येऊन उभे राहायचे. पाणी गावात जायचं, गावातही नळ कोरडे होते, त्यामुळे ते वाया गेलं असं मी कधी म्हणणार नाही. पण विहीर दोराच्या चालीनं झिरपणारी होती. इंजिन सुरू झालं की तासाभरात तळ दिसायचा, आणि छपरांतल्या बायका रहाटाला दोर लावायच्या तेव्हा खाली गाळ असायचा.

हे मला लगेच कळलं नाही, कारण कचेरीतून आल्यावर मी तिकडं फिरकलोच नव्हतो. नवव्यावरचं पाणी बंद केल्यावर ते गवत वाळताना बघायची हिंमत नव्हती. पुढच्या रविवारी गेलो तर तीच बाई रस्त्यानं येताना दिसली. हंडा रिकामा होता.

"मास्तर, हिर आटली की," ती म्हणाली.

"आटली नाही. टँकर भरतात."

"व्हय, तेच. तुमीच सांगितलं म्हनं त्यास्नी."

"मी लोकांसाठी म्हणून सांगितलं होतं. तुम्हालाही त्यातलं..."

"आमाला कुटं मिळतंय? टँकर थांबत न्हाय हितं." तिनं हंडा दुसऱ्या कडेवर घेतला. "म्हातारे बाबा हुते तवा बरं हुतं. कवा येनार हायत त्ये?"

"येतील लवकर. सासूबाई कशा आहेत?"

"हायत," ती म्हणाली आणि चालू लागली. पाणी आता पलीकडच्या वस्तीवरून आणावं लागत होतं, आणि त्यानंतर खडीवर हजर व्हायचं होतं.

मी पुन्हा कचेरीत गेलो. यावेळी साहेब कामात होते, उभ्यानंच बोलले. म्हणाले, "तुम्हीच येऊन दिलीत ना विहीर? आता गावाला कबूल केलेलं पाणी कसं थांबवू?" मी फार गयावया केल्यावर त्यांनी एक टँकर जाताना छपरांपाशी थोडा वेळ उभा करायचं मान्य केलं. तो कधी थांबायचा, कधी नाही. पुढे खडीचं काम तिथून दूर सरकलं, छपरं उठली. ती बाई कुठल्या गावची हेसुद्धा मी नीट विचारून घेतलं नव्हतं. तिच्या सासूचं काय झालं ते मला माहीत नाही.

अण्णा मिरजेहून काळा चष्मा लावून आले. स्टेशनवर त्यांना आणायला आम्ही दोघं गेलो. बायकोनं वाटेत दोनदा माझ्याकडं पाहिलं, मी बोललो नाही. जेवणं झाली, तरी बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, "उद्या ते स्वतः जातील मैदानावर. मग काय तोंड दाखवणार?" तरीही मी सकाळची वाट पाहिली.

सकाळी त्यांचा हात धरून मी त्यांना नेलं. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. नवव्यापाशी त्यांनी चपला काढल्या, पाय ठेवला आणि तसेच उभे राहिले. वाळलेलं गवत पायाखाली करकरलं. त्यांनी वाकून हातानं चाचपलं. मूठभर काड्या सहज उपटून हातात आल्या.

मग मी सगळं सांगितलं. ती बाई, कचेरी, इंजिन, आणि बायकांचा बंद झालेला दोर. गवताचं सांगणं त्या मानानं सोपं गेलं.

त्यांनी हातातल्या काड्या खाली टाकल्या. नंतर म्हणाले, "गवताचं पाणी तोडलंत ते बरोबर केलंत. मीही आल्यावर तोडणारच होतो. तिकडं पडल्यापडल्या तेच डोक्यात होतं."

मला वाटलं, आता सुटलो.

"पण मला विचारायला मिरज काही फार लांब नव्हती," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले. मी त्या पुढं सरकवल्या.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. परवानगीची मुदत आली तेव्हा अण्णा माझ्याबरोबर टांग्यानं कचेरीत आले. साहेब अदबीनं बोलले. म्हणाले, दुष्काळात जी विहीर एवढी उपयोगी पडली ती आता सोडता येणार नाही. शिवाय मैदान तर नुसता माळच दिसतो, खेळणारे फार नाहीत, खर्चही तुम्हाला झेपत नाही असं ऐकतो. तिथं पाइप आणि सामान ठेवायची जागा करायचं चाललंय, तेव्हा परवानगी आता देता येणार नाही. ते खोटं काहीच बोलत नव्हते. अण्णांनी ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि उठले. खेटे घालायचं वय आता राहिलं नव्हतं, आणि ते माझ्याकडं त्या कामासाठी बघतही नव्हते.

परतताना टांग्यात मी म्हणालो, "अण्णा, माझ्यामुळे हे सगळं..."

"त्याला डावीकडून घ्यायला सांगा," ते म्हणाले. "उजवीकडं खड्डे आहेत."

ते मला कधी त्यावरून टाकून बोलले नाहीत. दिवाळसण, बारसं, सगळं नेहमीसारखं झालं. माझ्या मुलीला ते मांडीवर घेऊन बसायचे. फक्त रविवारी सकाळी मी गेलो की ते आंघोळीला किंवा पूजेला असायचे, आणि मी सासूबाईंशी बोलून परत यायचो. बायको म्हणायची, "तुम्हीच उगीच मनाला लावून घेताय." ती माझ्या बाजूनं बोलायची तेव्हा मला जास्तच वाईट वाटायचं, कारण तिचे वडील आता संध्याकाळी कुठंही जात नव्हते, व्हरांड्यात बसून राहायचे, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं.

आमच्या कमिटीतल्या एका बँक अधिकाऱ्याची पुण्याला बदली झाली. अण्णांनी आपल्या काठ्यांची पिशवी त्यांना द्यायचं ठरवलं. गिरणीतल्या साहेबानं निरोप घेताना दिलेल्या काठ्या त्या. मला ते बायकोकडून कळलं. मग अण्णांनी बोलावून सांगितलं, "जरा स्टेशनवर पोचत्या करा. माझ्यानं एवढं उचलवत नाही."

मी पिशवी खांद्याला लावून स्टेशनवर गेलो. कातडं नुकतंच तेल लावून पुसलेलं होतं. बँकेतले गृहस्थ डब्याच्या दारात उभे होते. पिशवी घेताना ते अवघडले. "खरं तर तुम्हालाच द्यायला हव्या होत्या त्यांनी," ते म्हणाले. "घरातल्या घरात राहिल्या असत्या."

"मला कुठं एवढं खेळता येतं," मी म्हणालो.

तसा मी बरा खेळत होतो, आणि त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी पिशवी डब्यात आत सरकवली.

परत येऊन सासरी गेलो. अण्णा व्हरांड्यात होते.

"मिळाल्या त्यांना?"

"हो. जपून वापरतो म्हणाले."

"बरं झालं," ते म्हणाले. मग आत आवाज देऊन माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी समोरच्या खुर्चीवर बसलो. चहा येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याकडं बघत होतो.