लाटा गर्ल्समधली पाचवी

हे मी बायकोला पण सांगितलेलं नाय. आणि बायकोपासून माझं काय लपत नाय — मी नाय सांगितलं तर ती शेजारणीकडून काढते. पण हे शेजारणीला पण ठाऊक नाय. तुमाला सांगतो.

मी घिवलीचा. शाळा चौथीपर्यंत, तीपण मास्तर दमला तोवर. हळदीला बेंजो पार्टीत माईकवर बडबड करतो. वाजवता येत नाय, गाता येत नाय, म्हणून बडबड. आणि थोबाड असं, की टोपातला बांगडा पाठ फिरवेल. हे थोबाड लक्षात ठेवा — कारण ह्या थोबाडाचा माणूस दुसऱ्याची थोबाडं निवडायला बसला.

भाचीच्या मोबाईलवर ते परदेशातल्या पोरींचे ग्रुप बघितले. पाच-पाच पोरी, एकसारखी कंबर, एकसारखे केस. भाची बोलली, "मामा, त्या मैत्रिणी नायत हां. कंपनी एकेक निवडते, शिकवते, मग बाजारात आणते." मी बोललो — अरे! आमच्या तारापूरला औषध बनतं, कापड बनतं, लोखंड बनतं. पोरींचा ग्रुप कोणीच बनवत नाय?

मी बनवला. लाटा गर्ल्स. सालवडच्या दोघी, कुंभवलीची एक, घिवलीची एक. काळे गॉगल, पोपटी साड्या. नाचायला आग! गायला — कावळा बरा.

मग आवाज? आवाज घरातच होता. कमळ, माझी चुलत बहीण. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिची आई धवलारीण — आमच्याकडं हळद लावताना, मांडवात, लग्नाचे धवले गाणारी बाई — आणि आईच्या माघारी कमळ. ती गायला लागली की बेंजोवाल्याची बोटं थांबायची. एका खोलीत तिचा आवाज रेकॉर्ड केला. पाचवी तीच, असं मीच ठरवलं. पोरी तिच्या गळ्यात पडायच्या, ताई-ताई करायच्या. पोपटी साडीचा ब्लाऊज तिनं हातानं शिवला. पहिल्या हळदीच्या आधी दोन दिवस मासळीला शिवली नाय. "दादा, स्टेजवर वास नको यायला."

इथपर्यंत मी बरा माणूस होतो. नाय का?

मग पाचजणींचा फोटो आला. चौघी एका मापाच्या. आणि कडेला कमळ — रुंद, काळीसावळी, उन्हानं भाजलेली. मला वाटलं, पोरींच्या ग्रुपात नवरीची मावशी घुसली. कोण बोललं असं? कोण नाय. मीच.

तरी सरळ सांगायचं होतं ना — कमळे, तू ग्रुपात शोभत नायस, असं मला वाटतं. तेवढी पण छाती नव्हती. जगाला माईकवरून हसवणारा मी! हळदीच्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेलो. ती साडी नेसून तयार. नवरा बिचारा गजरा आणायला गेलेला. आणि मी बोललो — पोरी नको बोलतात. तुझ्या बाजूला उभं राहायला त्यांना लाज वाटते.

ती बोलली, "बरोबर हाय त्यांचं. पोरीबाळी त्या." आत जाऊन साडी बदलली आणि बांबूवर बोंबील टांगायला लागली.

तिकडं पोरी विचारतात, ताई कुठं? मी बोललो, नवरा सोडत नाय. गजरा आणायला गेलेला नवरा!

ग्रुप चालला. दणक्यात चालला. आवाज कमळचा, तोंडं पोरींची — गाणं पालघरपर्यंत गेलं. आता गल्लीगल्लीत पोरी गॉगल लावून नुसती तोंडं हलवतात, आणि हळदीला धवले कोण गात नाय, पेनड्राईव्ह लावतात. कमळ पण गात नाय. माझ्या पोराच्या हळदीला आयेनं तिला हाताला धरून उठवली — "गा गे, तुझ्याशिवाय हळद लागंल का?" कमळ बोलली, "काकी, त्या पोरींचं लावा की. छान गातात." स्वतःच्याच आवाजाला बोलली. मी माईक धरून बाजूलाच उभा. काय केलं? जोक मारला. सगळे हसले. ती पण हसली.

हे जुनं झालं असं समजू नका. गेल्या शुक्रवारी बोईसरच्या बाजारात सालवडची पिंकी भेटली — त्या चौघींतली, कंपनीतल्या हिंदीवाल्याची पोरगी. लग्न झालंय, कडेवर पोर. बोलली, "अंकल, कमलताई कैसी है? उस दिन उसके लिए हम चारों रोए थे. कहाँ बैठती है? मिलना है."

कमळ तिथंच बसलेली. भिंतीच्या पलीकडं, वीस पावलांवर. सुक्या जवळ्याचं माप भरताना तिचा आवाज मला ऐकू येत होता.

मी बोललो, ताई हल्ली बाजारात येत नाय. आणि पिंकीला दुसऱ्या गेटनं बाहेर नेली. पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, रिक्षात बसवली, हात पण हलवला.